पांढऱ्या पाटीवरचे ठिपके

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. इन्सुलिनच्या भरलेल्या बाटल्या नजरेने तपासायच्या, हे तिचं काम. अठरा वर्षांत आपल्या नजरेतून एक कणही सुटलेला नाही, असं ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. नम्रपणाशी तिचं कधी जमलंच नाही.

काम दिसायला सोपं. तीन बाजूंनी बंद असलेला टेबलाएवढा बूथ, वर ट्यूबलाइट, समोर उभी पाटी. पाटी अर्धी काळी, अर्धी पांढरी. बोटभर बाटली मानेला धरायची, तिला हलकी गिरकी द्यायची, पाच सेकंद काळ्या बाजूसमोर धरायची आणि पाच सेकंद पांढऱ्या. काळ्यासमोर काचेची कपची दिसते, धागा दिसतो. पांढऱ्यासमोर काळा ठिपका दिसतो. चांगली बाटली हिरव्या ट्रेमध्ये, वाईट लाल ट्रेमध्ये. असं सकाळी आठपासून संध्याकाळी साडेचारपर्यंत. चार दिवसांत माणसाला वेड लागावं असं काम, पण घारीला त्यातच सुख होतं.

नव्या मुली आल्या की शिकवायला तिच्याकडेच पाठवत. ती त्यांना पहिल्याच दिवशी दम भरी. "डोळा हलवायचा नाही, बाटली हलवायची. बुडबुडा वर जातो, कण खाली बसतो. आणि एकदा दिसलं की दिसलं. शंका घ्यायची ती बाटलीवर, डोळ्यावर नाही. जिला आपल्या डोळ्यांची शंका येते तिने घरी जाऊन तांदूळ निवडावेत." मुली मान डोलवत आणि मागे वळून तिची नक्कल करत.

हे सगळं तिला शिकवलं होतं शेजारच्या बूथमधल्या मावशींनी, अगदी शब्दांसकट. तांदळाचं तेवढं तिने पदरचं घातलं. मावशी तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, बोलायला मऊ, आणि त्यांना साखरेचा आजार जुना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हिरव्या ट्रेमध्ये घारीला तीन वाईट बाटल्या सापडल्या. मावशींच्या कानात सांगता आलं असतं. घारीने तो ट्रे उचलला आणि सगळ्या बूथांसमोरून मिरवत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आठवड्याभरात मावशी खोके दुमडायच्या खोलीत गेल्या. घारीला त्याचं वाईट वगैरे काही वाटलं नाही, उलट चार दिवस ती खुशीत होती.

घारीला स्वतःलाही साखर होती. आठ वर्षं ती गोळ्या घेत होती, म्हणजे आठवतील तेव्हा घेत होती. कारखान्यात कुणाला हे ठाऊक नव्हतं. मग वरच्या ऑफिसातून एक योजना आली. मधुमेही कर्मचाऱ्यांना आधार, असं तिचं नाव. सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं आणि ज्यांची साखर जास्त निघाली अशा चौदा जणांची नावं नोटीस बोर्डावर लागली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आपण सगळे यांच्या पाठीशी आहोत. घारीचं नाव सहावं होतं. पाठीशी राहण्याची ही तऱ्हा बघून ती तडक बूथमध्ये जाऊन बसली.

योजनेत बऱ्या गोष्टीही होत्या. चौदा जणांना जेवणाची सुट्टी दहा मिनिटं आधी, त्यासाठी वेगळी घंटा. ज्यांना सुई घ्यायची त्यांच्यासाठी फ्रिजमध्ये एक कप्पा. कारखान्यात इन्सुलिनच्या थंड खोल्याच्या खोल्या भरलेल्या, पण कामगाराची एक बाटली ठेवायला तोवर जागा नव्हती. आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. ती वेगळी घंटा झाली की तेरा जण उठत आणि घार बूथमध्येच बसून राही. "साखरेच्या महाराण्या निघाल्या," असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे. कधी कधी तोवर तिचे हात थरथरायला लागलेले असत. मग ती बाटली टेबलावर टेकवून धरी.

ठिपके दिसायला लागले ते योजना येऊन महिना झाल्यावर.

पहिल्या दिवशी सकाळी आधी एकच दिसला. पांढऱ्या बाजूसमोर, बारीक, काळा, शेपटीसारखा काहीतरी मागे ओढत जाणारा. बाटली लाल ट्रेमध्ये गेली. दुपारपर्यंत तशा अकरा बाटल्या निघाल्या. बाटल्या भरायच्या मशीनचं रबर झिजलं असणार, असं तिने साहेबांना जाऊन सांगितलं. मशीन उघडलं, रबर बदललं. दुसऱ्या दिवशी सतरा निघाल्या. घार मनातून फुलून आली. शेजारच्या बूथमध्ये दोन सापडत होत्या, पलीकडे एक, आणि तिच्याकडे सतरा. बाकीच्या बायका डोळे मिटून काम करतात, हे ती पूर्वीपासून म्हणतच होती.

साहेब वयाने तिच्याहून लहान, इस्त्रीचा सदरा घालणारा, गोड बोलणारा माणूस. तो रोज लाल ट्रे आपल्या टेबलावर नेई आणि आकडे लिहून वर पाठवी. महिना संपला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "बाईंकडून शिका. अशी नजर लागते." त्याच महिन्यापासून सगळ्यात जास्त वाईट बाटल्या पकडणारीचा फोटो भिंतीवर लागायला लागला. फोटो दर महिन्याला घारीचाच असे.

घरी मात्र वेगळाच तमाशा चालला होता. घारीला दुधात केस दिसायला लागले. सकाळी सून पेला पुढे ठेवी, घार त्यात डोकावे आणि बोट घालून केस काढायला जाई. केस हाताला लागत नसे. "तुझ्या केसांना घर पुरत नाही का, बाई? दुधात कशाला सोडतेस?" सुनेने केस घट्ट बांधले. मग डोक्याला फडकं गुंडाळलं. मग दूध तिच्यासमोर दोनदा गाळून दिलं. तरी केस होताच. एकदा घारीने तो पेला मोरीत ओतला आणि म्हणाली, "आईने काही शिकवलं नाही तुला, एवढं तरी कबूल कर." सून स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, एकदा डोळे दाखवून या."

"माझे डोळे? कारखान्यात जाऊन विचार माझे डोळे कसे आहेत ते."

सुनेने त्यानंतर तो विषय काढला नाही. रोज दूध गाळून पेला पुढे ठेवत राहिली.

सहा महिन्यांनी एकदा तपासणाऱ्या बायकांची परीक्षा असे. शंभर बाटल्यांचा एक ठरलेला ट्रे, त्यात वीस मुद्दाम वाईट ठेवलेल्या. ट्रे जुना होता. कुठल्या बाटलीच्या बुडाला ओरखडा आहे, कुठल्या बुचाचा कडेला टवका उडालाय, हे घारीला अठरा वर्षांत पाठ झालं होतं. तिने नेमक्या वीस काढून दिल्या. साहेबांनी हसत सही केली.

मावशींना हे सगळं खोक्यांच्या खोलीत बसून कळत होतं. एका दुपारी हात धुवायच्या नळापाशी त्यांनी घारीला गाठलं. मागे पाच-सहा जणी रांगेत उभ्या होत्या, म्हणून मावशी हळू आवाजात बोलल्या.

"तुझे ठिपके कसे आहेत? मागे शेपटी ओढत जातात का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मलाही तसेच दिसायचे. बाटलीत नसतात गं ते. डोळ्याच्या आत रक्त सांडतं, त्याचे असतात. एक कर. बाटली खाली ठेव आणि नुसत्या पांढऱ्या पाटीकडे बघ. तिथे दिसले तर उद्याच डॉक्टरकडे जा. मी उशिरा गेले, म्हणून मला आता माणूस दिसतं, कण दिसत नाही. तू जाऊ नकोस उशिरा."

घारीने नळ बंद केला. मागच्या बायका ऐकताहेत हे तिला दिसलं, आणि मग तिचा आवाज चढला.

"ज्यांचे डोळे गेले त्यांना सगळ्यांचेच गेलेले हवे असतात. तुम्ही आपले खोके दुमडा, मावशी. खोक्याला डोळे लागत नाहीत."

रांगेतली एक हसली, मग दुसरी हसली. मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि त्या गेल्या.

त्या दिवशी जेवणानंतर घार बूथमध्ये आली. समोर पाटी होती. अठरा वर्षांत तिने ती पाटी कधी नुसती बघितली नव्हती. मधे कायम बाटली असायची. तिने हात मांडीवर ठेवले आणि पांढऱ्या बाजूकडे बघितलं.

ठिपके तिथेच होते. डोळा डावीकडे नेला की तेही डावीकडे निघत, डोळा थांबला की थोडं पुढे जाऊन सावकाश खाली बसत. तीन मोठे आणि खूपसे बारीक. तिने उजवा डोळा झाकला, तरी होते. डावा झाकला, तेव्हा कमी झाले. आपण आंधळ्या होणार आहोत, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. वेड पांघरायला तिने नंतर कितीही कारणं शोधली, तरी कळलं होतं हे खरं.

तिला उठता आलं असतं. साहेबांचं टेबल वीस पावलांवर होतं. पण डोळा खराब म्हटलं की बूथ जाणार. बूथ गेला की घार गेली, आणि मग उरणार ती कुणाची तरी सासू, मावशींच्या शेजारी बसून खोके दुमडणारी. शिवाय नळापाशी जे बोलून आलो ते गिळावं लागणार. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

तिने हिरव्या ट्रेशेजारची बाटली उचलली, गिरकी दिली आणि पाटीसमोर धरली. ठिपका बाटलीत गेला. बाटली लाल ट्रेमध्ये गेली. त्या दिवशी बेचाळीस निघाल्या.

ठिपके सुरू झाल्याला पाच महिने होत आले तेव्हा योजनेतल्या तपासणीची गाडी आली. पांढरी मोठी गाडी आवारात उभी राहिली, आत यंत्र आणि दोन डॉक्टर. गाडीच्या दारावर कारखान्याने आदल्या दिवशीच एक पोस्टर लावलं होतं. त्यावर एकच मोठा डोळा होता आणि खाली लिहिलं होतं, डोळे आहेत तर सगळं आहे. डोळा घारीचा होता. भिंतीवरचा फोटो कापून मोठा केलेला.

यादीतले तेरा जण एकेक करून आत गेले. डोळ्यांत थेंब घालत, बाहुल्या मोठ्या होत, आणि मग तीन-चार तास जवळचं काही दिसत नसे. थेंब घातलेल्या बाईला त्या दिवशी बूथमध्ये बसता येत नाही. साहेब घारीच्या बूथपाशी आले.

"बाई, तुम्ही गेलात तर आजचा माल अडकतो. तुमच्या डोळ्यात काय बघायचंय त्यांना? तुमचाच डोळा दारावर लावलाय."

घारीच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती हसली.

"फक्त इथे सही करा," साहेब म्हणाले. "चौदापैकी चौदा झाले की वर पाठवायला बरं पडतं."

कागदावर तिच्या नावापुढे छापलेलं होतं, तपासणी झाली. तिने सही केली. अक्षरांवर एक ठिपका येऊन बसला, तो जाईपर्यंत तिने पेन धरून ठेवलं. साहेब तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी कागद घेतला आणि म्हणाले, "थँक्यू, बाई."

नऊ दिवसांनी, सकाळी पावणेअकराला, डाव्या डोळ्यात वरून काहीतरी ओघळलं. दुखलं नाही. आधी तिला वाटलं ट्यूब गेली. मग पांढरी पाटी तांबडी झाली, मग तपकिरी, आणि मग डाव्या बाजूला काहीच उरलं नाही. हातातली बाटली तिने नीट ट्रेमध्ये ठेवली. कुठल्या ट्रेमध्ये, हे तिला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात सून बरोबर होती. डॉक्टरांनी बराच वेळ दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"आज सकाळपासून," घार म्हणाली.

"पाच महिन्यांपासून," सून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "पाच महिने माझ्या दुधात केस सापडत होते, डॉक्टर. मी रोज गाळून देत होते."

"पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर लेझरवर भागलं असतं." डॉक्टर हात धुवायला उठले. "पंधरा दिवसांपूर्वी आला असतात तरी बरंच वाचवता आलं असतं. आता डाव्याचं काही सांगत नाही. उजव्याचं बघू."

डाव्या डोळ्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि तो गेला. उजव्यात लेझरने जेवढं राखता आलं तेवढं राखलं. धुक्यात माणूस उभं असावं तसं दिसे, जवळ आल्यावर आवाजावरून ओळखायचं. घरी सून तिच्या हातात दुधाचा पेला देई आणि विचारी, "आई, आज आहे का काही दुधात?" कुचकेपणाने विचारी की काळजीने, हे घारीला चेहरा दिसत नसल्यामुळे कळत नसे. ती नाही म्हणे आणि पिऊन टाकी.

तीन महिन्यांनी ती कारखान्यात गेली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, बिनसाखरेचा. योजनेप्रमाणे कुणाला काढून टाकायचं नाही, तिला खोक्यांच्या खोलीत जागा आहे, हे सगळं गोड आवाजात सांगितलं. मग आवाज खाली आणला.

"आता काय, सांगायला हरकत नाही. तुमच्या लाल ट्रेमधल्या बाटल्या मी पहिल्याच आठवड्यात पुन्हा बघितल्या होत्या, बाई. स्वच्छ होत्या. जवळजवळ सगळ्या."

घारीने कप बशीत ठेवला. "पहिल्याच आठवड्यात?"

"वरून माणसं येऊन विचारत होती, तुमच्याकडे वाईट माल इतका कमी कसा निघतो, तुमच्या बायका झोपतात का. तुमचे आकडे गेले आणि त्यांची तोंडं बंद झाली. मी कशाला मोडता घालू?"

"मला सांगायचं होतं."

"तुम्हालाही कळलंच असेल की," साहेब म्हणाले. "डोळा तुमचा होता. आणि तपासणी झाली म्हणून तुमची सही आहे कागदावर. ती मी जपून ठेवलीय." ते उठले आणि तिला दारापर्यंत हात धरून सोडायला आले. जिन्याच्या पायऱ्या किती आहेत तेही त्यांनी आठवणीने सांगितलं.

खोक्यांच्या खोलीत मावशींच्या शेजारी तिला स्टूल दिलं. काम हाताचं. सपाट पुठ्ठा घ्यायचा, चार रेघांवर दुमडायचा, बुडाची जीभ खाचेत सरकवायची. पहिल्या तासात घारीने सहा खोके फाडले. मावशींनी तिचा अंगठा धरून खाचेवर ठेवला, त्यांनी तिला अठरा वर्षांपूर्वी बाटली धरायला शिकवताना धरला होता तसाच. घारीला एकदम रडू आलं. गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं माझं काय होतंय ते. तुम्ही मला पुन्हा का नाही सांगितलंत?"

मावशींनी हातातला खोका पुरा केला आणि ढिगावर ठेवला.

"सांगणार होते. दोनदा निघालेही होते तुझ्या बूथकडे. मग तुझा फोटो दिसायचा भिंतीवर, आणि मी परत फिरायचे." त्यांचा आवाज पूर्वीइतकाच मऊ होता. "खोटं कशाला बोलू? पुढे पुढे मी वाट बघायला लागले. रोज सकाळी आले की आधी तुझ्या बूथकडे बघायचे, आज आहे का अजून. गाडी आली तेव्हा तू आत गेली नाहीस, ते मी या खिडकीतून बघितलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं."

तिने पुठ्ठा चाचपडून घेतला, पहिली रेघ शोधली, दुमडली. दुसरी सापडेना. मावशींनी तिचं बोट उचलून रेघेवर टेकवलं.

"घाबरू नकोस. येईल. खोक्याला डोळे लागत नाहीत."

घंटा झाली. दहा मिनिटं आधीची. मावशी उठल्या, डबा घेतला आणि तिच्या कोपराला धरून तिला उभं केलं. दाराबाहेर बूथांची रांग होती. तिथून कुणीतरी, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, महाराण्यांचं काहीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. घारीने मान त्या बाजूला वळवली. तिच्या जुन्या बूथमधली ट्यूब चालू होती, एवढं तिला दिसलं.

"चल," मावशी म्हणाल्या. "पुढे दोन पायऱ्या आहेत."